रेडिओचा कान

मोडल्याशिवाय शिकता येत नाही, असं आपण पोरांना सहज सांगतो. सायकल शिकताना गुडघा फुटतो, पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जातं. पण तो गुडघा आपलाच असतो. दुसऱ्याची वस्तू मोडून आपण शिकलो, तर ते शिकणं कुणाच्या खात्यावर मांडायचं? हा प्रश्न मला अकराव्या वर्षीच पडायला हवा होता. पडला तो पन्नाशी उलटल्यावर.

साल 1978. आमच्या घरात चार सेलचा एक ट्रान्झिस्टर होता. रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. ते लायसनचं पुस्तक आबा जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवायचे. संध्याकाळी आकाशवाणी सांगली लागायची. बाजारभाव, शेतीची माहिती, बातम्या हे सगळं आबांचं. सकाळची भक्तिगीतं मात्र आजीची. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तरी उठल्या उठल्या चाचपडत फळीपाशी जायची आणि रेडिओचा कान पिळायची. 'खट्ट' वाजलं की तिचा दिवस सुरू. दुसऱ्या कुठल्या यंत्राला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

एका दुपारी सगळी रानात गेलेली. तार नाही, खांब नाही, मग सांगलीचा आवाज आत शिरतो कुठून, हे मला बघायचं होतं. चाकूच्या टोकानं मागचे स्क्रू काढले. आत छोटे चौकोनी डबे, कुणाच्या डोक्यावर लाल ठिपका, कुणाच्या पिवळा. आणि एक काळी कांडी, तिच्यावर केसासारख्या तारेचे वेढे. कांडी जरा उचलून बघितली तर तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. घाईघाईनं झाकण लावून रेडिओ फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आजीनं कान पिळला. नुसती खरखर.

"मीच लई जोरात पिळला आसंल," ती म्हणाली. मी चुलीपाशी भाकरी खात होतो. खातच राहिलो.

गूळ विकून पैसे येईपर्यंत तीन आठवडे गेले. बाजारादिवशी मी आबांबरोबर तालुक्याच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं आधी स्क्रूची डोकी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. आबांना एवढंच म्हणाला, "तार तुटलीया. नाजूक असती." तारेवरचं वार्निश त्यानं हलक्या हातानं खरवडलं, राळेत बुडवलं आणि सोल्डरिंगचा एक थेंब ठेवला. सांगली बोलायला लागली. निघताना मला हळूच म्हणाला, "पुढच्या बाजारी ये. मेलेलं लई पडलंय माझ्याकडं. ते उघड."

मी जायला लागलो. तिथंच माझी सुरुवात झाली. उघडायच्या आधी कागदावर चित्र काढायचं, स्क्रू वाटीत ठेवायचे, हे त्यानं शिकवलं. तपकिरी, काळा, लाल असे पट्टे म्हणजे एक हजार ओहम, हे पाठ झालं. नववीत पहिला एलईडी मिळाला. मी तो थेट चार सेलला जोडला. क्षणभर लखलखला आणि कायमचा गेला. "मधी रेझिस्टर नको का? सहा व्होल्ट त्यानं झेलायचं कसं?" मिस्त्री म्हणाला. पण रागावला नाही. घरातल्या विजेला मात्र हात लावू द्यायचा नाही. सगळं सेलवर.

मिस्त्रीनं मला वाचवलं ते बरोबर की चूक, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. त्या दिवशी त्यानं खरं सांगितलं असतं तर आबांनी मला बडवलं असतं आणि पुन्हा स्क्रूला हात लावायची माझी छाती झाली नसती. म्हणजे माझं भलंच झालं. पण आजीचं काय? रेडिओ दुरुस्त होऊन आला, तरी त्यानंतर तिनं त्याचा कान कधी पिळला नाही. "मोडंल पुन्हा माझ्या हातनं," म्हणायची, आणि कुणीतरी उठेपर्यंत अंधारात बसून राहायची. दुरुस्तीचे पैसे आबांनी दिले. माझ्या शिक्षणाचे पैसे तिनं दिले, रोज सकाळी, तिला न कळता. "आजी, मी तोडली," एवढे तीन शब्द बोललो असतो तर तिचा हात मोकळा झाला असता. ती गेली तोवर मी चांगला कारागीर झालो होतो. ते तीन शब्द राहिले ते राहिलेच.

म्हणून मला वाटतं, मोडणं हा शिकणाऱ्याचा गुन्हा नाही. मोडल्यावर गप्प बसणं हा आहे. तुटलेली तार मिस्त्री जोडतो. पण आपल्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं, तर ते आपल्यालाच उतरवून घ्यावं लागतं.

परवा नात सुट्टीला आली. तिला मी भंगारातली खेळणी, दोन सेल, चार एलईडी आणि मूठभर रेझिस्टर असा डबा दिला. दोन दिवसांत तिनं तो संपवला आणि फळीवरच्या त्या जुन्या ट्रान्झिस्टरकडं बोट दाखवलं. "आजोबा, हा उघडू?"

मेलेल्या वस्तूंवर हात बसतो, हे खरं. पण कुणीतरी जिची वाट बघतंय अशी वस्तू हातात आल्याशिवाय हात जपून चालत नाही, हेही खरंच.

"उघड," म्हटलं. "पण काही तुटलं तर पहिलं मला येऊन सांग."