पहिली टोपली

मूल मोठें झालें, हें कशावरून ओळखावें? गोंदिया जिल्ह्यांतील रानालगतच्या गांवीं चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. रात्रीं फुलें गळतात, आणि पहांटे आईबापांबरोबर मुलेंहि तीं वेंचावयास निघतात. वाळवून विकलेल्या त्या फुलांवर घरखर्चाचा कांहीं भाग चालतो. म्हणून लेंकराची पहिली भरलेली टोपली घराच्या हिशेबांत धरली जाते. आमच्या घरीं त्याच दिवसांत हिशेब होतो तो परीक्षेंतील गुणांचा. कोणी म्हणेल, वेंचणाऱ्या मुलाची शाळा बुडते. आक्षेप खरा आहे. परंतु आपल्यावांचून घरांत कांहीं अडतें, हें ज्ञान आमच्या मुलांस कोणती शाळा देते? पुस्तक दोघांच्याहि हातीं असावें. मात्र आमच्या मुलांच्या वांट्यासहि रोजचें एखादें खरें काम यावें, हें आम्हांस अगत्याचें वाटतें.