मांजर घराचे की माणसाचे?

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बिऱ्हाड हलले की कुत्रे सामानाच्या गाडीमागे धावत येते. मांजर मात्र रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसून राहते, असा त्याचा अर्थ. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत मीही हे वाक्य निर्विवाद सत्य म्हणून बाळगून होतो. पुढे आमची मनी हरवली, आणि तिला शोधताना माझ्या ध्यानात आले की, हे वाक्य मांजराच्या स्वभावाविषयी जितके सांगते, त्याहून अधिक ते उच्चारणाऱ्या माणसाच्या सोयीविषयी सांगते.

आम्ही राहतो ते भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि धानाच्या शेतांच्या जागी आकड्यांनी ओळखली जाणारी ही वसाहत उभी राहिली. येथे येणारा प्रत्येक जण आपले गाव मनात घेऊन येतो आणि निवृत्त झाला की बहुधा निघून जातो. आकडे संपतात तेथे रिसालीसारखी जुनी नावे सुरू होतात. तीही आता शहरात मिसळून गेली आहेत. परंतु सायकलवरून आणखी थोडे पुढे गेले की धानाचे बांध, तळी आणि कौलारू घरे अजून भेटतात.

मनी भाद्रपदातल्या एका सकाळी दिसेनाशी झाली. पहिल्या रात्री आम्ही मागच्या दारी तिची वाटी वाजवली. दुसऱ्या रात्री मी बॅटरी घेऊन रस्त्यावर उतरलो. पन्नाशी उलटलेला अधिकारी मेंदीच्या कुंपणाखाली वाकून "मने, मने" अशी हाक मारतो आहे, हे दृश्य किती हास्यास्पद असते, हे त्या रात्री फिरायला निघालेल्या शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांवर मला वाचता आले. मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो; त्यामुळे अंधारात बॅटरीच्या उजेडाने ते चमकतात. त्या रात्री असे कितीतरी डोळे चमकले, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कुणा मांजराचे निघाले. "मांजरच ते, येईल," असे काहींनी सांगितले. "नाही आले तर दुसरे आणा," असे इतरांनी.

चौथ्या दिवशी मी वसाहतीबाहेर गेलो. एका खेड्यात ओसरीवर बसलेल्या म्हातारीला मी मांजराविषयी विचारले. छत्तीसगढीत मांजराला 'बिलई' म्हणतात. भिलाईचा साहेब बिलई शोधत आला आहे, याची तिला प्रथम गंमत वाटली. मग तिने रंग विचारला, आणि त्यानंतर विचारले की, बिलई तुमच्या घरी किती वर्षे जेवते आहे? मी म्हणालो, चार. तेव्हा तिची गंमत मावळली. इतकी वर्षे जी तुमच्या घरचे खाते तिचा तुमच्यावर हक्क झाला, अशा अर्थाचे काही तिने म्हटले, आणि नातवाला पेंढ्याच्या गंजी पाहायला पाठवले. मनी तेथे नव्हती. परंतु परतताना ते बोलणे माझ्या मनातून जाईना. चार दिवस मी 'माझे' मांजर शोधत होतो. मांजराचा हक्क माझ्यावर असू शकतो, हे मला सुचले नव्हते.

या प्रश्नावर थोरांनी विचार केलेला नाही असे नाही. कांटच्या मते प्राण्यांविषयीची आपली कर्तव्ये वस्तुतः माणसांविषयीचीच असतात. प्राण्याशी जो निष्ठुर होतो तो माणसाशीही निष्ठुर होईल, म्हणून दया बाळगायची. बेंथमने विचारले की, प्राण्यांना दुःख होते की नाही? होत असेल तर तेवढे पुरे. आपल्याकडील 1960 च्या कायद्यानेही, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु हरवलेल्या मांजराचे काय? ते दुःखात असेल, किंवा स्वेच्छेने निघून जाऊन दुसऱ्या घरी सुखाने दूध पीत असेल. गेलेल्याला शोधायला आपण बांधलेले आहोत काय?

महाभारतातील युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्याचे नाकारले, हे आपण अभिमानाने सांगतो. तथापि तो कुत्रा त्याच्या मागोमाग चालत आला होता. जो आपल्याला धरून राहतो त्याला न सोडणे हा मोठा धर्म खरा. पण तेथे निदान प्रश्न समोर उभा असतो. मांजर मागे येत नाही. निघण्याच्या दिवशी ते नेमके दिसत नाही, आणि त्याच्या न दिसण्याला आपण त्याची संमती समजतो.

येथे मला रामानुजांनंतरच्या वैष्णव आचार्यांचा एक जुना वाद आठवतो. वडकलै पंथाचा दृष्टान्त माकडाचा: पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने देवाला धरावे. तेंकलै पंथाचा दृष्टान्त मांजरीचा: पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. एकास मर्कटन्याय म्हणतात, दुसऱ्यास मार्जारन्याय. तो वाद देवाच्या कृपेचा. पण तो घरात आणून पाहावा. आपण जगाशी बहुधा मर्कटन्यायाने वागतो. जो धरून राहील, हाक मारील, अर्ज करील, त्याचे आपण पाहतो. ज्याला धरता येत नाही त्याचा भार मात्र मार्जारन्यायाने उचलणाऱ्यावरच पडतो, आणि तेथेच आपण तो खाली ठेवतो.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. पाचव्या रात्री बॅटरी धरून बरोबर चालणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, "बाबा, खाणीवरच्या कबरीला आपण शोधलं होतं का हो?" अकरा वर्षांपूर्वी मी एका खाणीच्या गावी होतो. बदलीचा हुकूम आला, ट्रक भरला, आणि त्या सकाळी कबरी कुठे दिसेना. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती रडू लागली. मी तिला समजावले की, मांजर घराचे असते, ते घरीच सुखी राहील. ते घर त्यानंतर रिकामेच राहणार होते, हे मला ठाऊक होते. शोधायला अर्धा दिवस लागला असता. मी तो दिला नाही.

मांजराला जागेची ओढ असते, हे खरेच आहे. पण 2019 साली अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या पिलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पिलांत सांभाळणाऱ्या माणसाविषयी तशीच आश्वस्त ओढ दिसली, जशी लहान मुलांना आईबापांविषयी असते. म्हणजे ते जुने वाक्य फार तर अर्धे खरे होते, आणि माझ्या उपयोगाचे तेवढेच अर्धे मी घेतले होते.

सहाव्या दिवशी मनी सापडली. आमच्यापासून दोन दारे पलीकडचे कुटुंब निवृत्तीनंतर आपल्या गावी गेले होते. सामान काढण्याच्या गडबडीत ती आत शिरली असावी, आणि बाहेरून कुलूप लागले. रंगारी आला तेव्हा त्याने तिचा घोगरा आवाज ऐकला. न्हाणीघरातल्या गळक्या नळाने तिला जगवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे सर्वांनी हसून म्हटले, मीही हसलो. त्या कुलपासमोरून मी रोज तीनदा जात होतो. पण कबरीच्या बाबतीतही असेच एखादे बंद दार असेल काय, हा विचार त्या हसण्यात मिसळला होता.

घरापासून दूर नेमणुकीवर राहणाऱ्या आपणां मंडळींना चार्ज देण्याची कला चांगली अवगत असते. खुर्च्या किती, पंखे किती, किल्ल्या किती, यांची यादी करून आपण सही करतो आणि कार्यमुक्त होतो. परंतु प्रत्येक गावी काही प्राणी, काही झाडे, काही माणसे आपल्या नियमितपणावर विसंबून राहिलेली असतात. ती कोणत्याही यादीत नसतात, आणि बहुधा निघण्याच्या वेळी समोरही येत नाहीत. सर्वांना बरोबर नेणे शक्य नसते, हे मला मान्य आहे. शोधूनही सापडणे आपल्या हाती नसते, हेही मान्य आहे. पण अर्धा दिवस हाती असतो. बदलीचा हुकूम कार्यमुक्त करतो, ऋणमुक्त करीत नाही, एवढे मला उमगले, तेही अकरा वर्षे उशिरा. मनी घरी आली, तिने दूध प्यायले आणि माझ्या खुर्चीत झोपली. माझ्या नावे असलेला दुसरा हिशेब मात्र तिच्या परत येण्याने मिटलेला नाही.