सुरम्याची डबी आणि वलीचा अधिकार

तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत सुरमा घालावा की नाही, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटतो; मुळात तो अधिकाराचा आहे. ज्याला संमती देता येत नाही अशा जिवावर धोका लादण्याची मुभा शरीअतने माता-पित्यांना दिली आहे काय?

प्रथम वस्तूविषयी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘इस्मिद’ या सुरम्याची शिफारस केल्याचे हदीस ग्रंथांत आले आहे. इस्मिद म्हणजे अँटिमनीचे खनिज, असे सामान्यतः मानले जाते. बाजारात सुरमा म्हणून पुष्कळदा मिळते ते मात्र गॅलिना, म्हणजे शिसे व गंधक यांचे खनिज. दोन्ही काळे, दोन्ही चकाकणारे; खलात घोटल्यावर नुसत्या नजरेला फरक कळत नाही. सौदी अरेबियाच्या बाजारांतील सुरम्यातही शिसे आढळले आहे. तेव्हा हाजींनी आणलेली डबी म्हणून निर्धास्त होता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. पण सुटी, बिनलेबलाची पुडी विकणाऱ्याला कोण विचारतो?

मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी मात्राच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकते. आणि मूल डोळे चोळते व तीच बोटे तोंडात घालते. ‘आमच्या आजीने सर्व नातवंडांना सुरमा घातला, कोणाचे काय बिघडले?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. शिशाने डोळा लाल होईलच असे नाही. ते रक्तातून मेंदूपर्यंत जाते आणि बुद्धी व एकाग्रता खुंटवते. सबक लक्षात राहत नाही म्हणून मुलाला दटावले जाते, त्याचा संबंध डबीशी कोणी जोडत नाही. काय बिघडले हे आजीला कळण्याचा मार्गच नव्हता.

आता अधिकाराकडे वळू. हनफी फुकहांनी अल्पवयीनाच्या वतीने होणाऱ्या व्यवहारांचे तीन वर्ग केले आहेत: निव्वळ लाभाचे, निव्वळ हानीचे, आणि दोन्हींची शक्यता असलेले. निव्वळ हानीचा व्यवहार वलीलाही करता येत नाही. अनाथाचे तर सोडाच, पण पोटच्या मुलाच्या मालकीचा एक रुपयादेखील बाप कोणाला दान देऊ शकत नाही, मग दान कितीही पुण्याचे असो. ज्याला मुलाचा रुपया उधळता येत नाही, त्याला मुलाची बुद्धी पणाला लावता येईल काय? मूल ही अमानत आहे, मालमत्ता नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ही तर सुन्नत आहे. सुरमा लावणे मुस्तहब आहे, न लावल्याने गुनाह होत नाही. हानी टाळणे मात्र बंधनकारक आहे. लाभ मिळवण्याआधी बिघाड दूर करावा, हा फिकहचा सर्वमान्य कायदा आहे. शिवाय सुन्नत इस्मिदची आहे, शिशाची नव्हे. डबीवर ‘सुन्नत’ छापणारा कारखानदार प्रेषितांच्या नावावर स्वतःचा माल खपवतो, आणि माझ्या मते ही साध्या भेसळीहून मोठी आगळीक आहे, कारण ग्राहक येथे शंका घेण्यासही कचरतो.

‘मला ठाऊक नव्हते’ असे विक्रेता म्हणेल. वैद्यक न जाणता उपचार करणारा हानीस जबाबदार आहे, असे प्रेषितांनी सांगितले आहे. जो सुरमा ‘डोळ्यांचे औषध’ म्हणून विकतो, त्याला अज्ञानाची ढाल घेता येत नाही. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी आतला ओलावा शोधला, तेव्हा विक्रेत्याने पावसाचे कारण दिले होते. भिजणे हा त्याचा दोष नव्हताच. ओले धान्य खाली दडवणे हा होता.

राहिला प्रश्न शिल्लक मालाचा. शिसे असल्याचे कळल्यावर तो दुसऱ्या गावच्या दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. ऐब निघालेला माल घाऊक व्यापाऱ्याला परत करण्याचा हक्क शरीअत देते. त्याने नाकारल्यास नुकसान सोसावे, पण ती डबी मुलाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचू देऊ नये. जुम्याच्या दिवशी मशिदीच्या दारात अशी गाडी लागत असेल, तर मालात काय आहे हे विक्रेत्याला विचारण्याचे काम मशीद कमिटीचे आहे, आणि तिने विचारले नाही तर इमामाचे.