शिजण्याआधीची मूठ

भातासाठी तांदूळ काढताना हाताला सवयीनं कळतं, आज किती जण जेवायला आहेत आणि किती वाट्या लागतील. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती घरांत या रोजच्या कामाला एक छोटीशी जोड असते. घरापुरते तांदूळ मापून झाले की, ते शिजायला टाकण्याआधी, घरातली बाई त्यातलेच मूठभर उचलते आणि शेजारच्या डब्यात टाकते. ती मूठ चर्चची. या प्रथेला तिथे ‘बुहफाई थाम’ म्हणतात. १९१० साली ती सुरू झाली. मंडळीतल्या स्त्रिया घरोघरी फिरून हे तांदूळ गोळा करतात, मग ते विकले जातात आणि त्या पैशांतून सुवार्तेचं आणि सेवेचं काम चालतं. मुठी-मुठीनं जमणारी ही रक्कम आता वर्षाला कोट्यवधी रुपयांच्या घरात जाते.

मूठ आपल्यालाही परकी नाही. पणजीतल्या एका जुन्या शाळेचं नावच मुष्टिफंड आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंड जमवला होता. पण मिझो घरातल्या त्या मुठीची वेळ मला पुन्हा पुन्हा विचारात पाडते. ती जेवणाच्या आधी निघते. अजून कुणाचंच पोट भरलेलं नसतं. शिवाय ती मापलेल्या तांदळातून निघते, म्हणजे त्या दिवशी घरातला प्रत्येक जण एखादा घास कमी जेवतो. तो घास कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रथा सुरू झाली आणि लगेच, १९११-१२ मध्ये, त्या डोंगरांत ‘मौताम’ आला. बांबूला फुलोरा आला, उंदीर बेसुमार वाढले आणि उभं पीक फस्त झालं. एका मुठीची किंमत काय, हे त्या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही शंभरहून अधिक वर्षांनी तो डबा स्वयंपाकघरात आहे.

आपलं देणं बहुतेक वेळा जेवण झाल्यावर सुरू होतं. सगळं भागल्यावर जे उरेल, त्यातून. आणि उरण्याचा स्वभाव असा, की ते कधी पुरेसं उरत नाही. प्रेषित पौलाला हे ठाऊक असावं. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी तो मदत जमवत होता, तेव्हा त्यानं करिंथकरांना कळवलं की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे घरीच काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गणीची धावपळ नको. किती टाकायचं, हे त्यानं सांगितलं नाही. कधी, ते मात्र सांगितलं.

मिळकतीच्या दशांशाचा हिशेब करता येतो. मुठीचा येत नाही. तिचं माप ज्याच्या-त्याच्या हाताएवढं.

मार्कच्या शुभवर्तमानातली विधवा अशाच मापाची. यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तुतारीच्या आकाराच्या तेरा पेट्या असत, असं यहुदी परंपरा सांगते. येशू भांडारासमोर बसून लोकांना पैसे टाकताना पाहत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं. तिनं दोन टोल्या टाकल्या. दोन्ही मिळून मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा जेमतेम चौसष्टावा हिस्सा. पण तिच्याजवळ होतं तेवढं तेच होतं. तिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, असं येशूनं शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं.

ही गोष्ट चर्चमध्ये नेहमी अर्पणाच्या आधी सांगितली जाते. त्या वेळी मला तिच्या आधीच्या दोन-तीन ओळी हटकून आठवतात. विधवांची घरं गिळंकृत करून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून जपून राहा, असं येशूनं नुकतंच बजावलेलं आहे. आणि लगेच ही विधवा येते. म्हणून मला वाटतं, देणाऱ्याइतकीच ही गोष्ट घेणाऱ्यानंही ऐकायची आहे. गरिबाच्या शेवटच्या पैशाचं कौतुक करायचं, तर तो पैसा हातात घेणाऱ्याचा हात आधी थरथरायला हवा. पौलाचा हात थरथरत असावा. जमलेली मदत त्यानं एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनीच निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. इतक्या मोठ्या प्रेषितालाही आपल्या शब्दावर विश्वास ठेवा, एवढंच म्हणून भागलं नाही.

करिंथकरांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल लिहितो. ती माणसं स्वतःच कमालीच्या गरिबीत होती. त्यांच्याकडून त्याची फारशी अपेक्षाही नसावी. पण आम्हालाही या सेवेत वाटा द्या, अशी विनवणी त्यांनीच केली. गरिबाला आपण बहुधा घेणाऱ्याच्याच जागी उभं करतो. तिथे तो जन्मभर उभा राहतो आणि आपण त्याला दयेनं बघत राहतो. बुहफाई थामच्या डब्यात घरोघरचे तांदूळ एकत्र होतात, तेव्हा सुखवस्तू घरातली मूठ आणि हातावर पोट असलेल्या घरातली मूठ वेगळी काढता येत नाही. ज्या बाईकडे देण्यासारखं काही नाही असं गावाला वाटत असेल, तीही त्या दिवशी देणाऱ्यांत असते. मला वाटतं, ख्रिस्ती दानातलं सगळ्यात सुंदर काही असेल तर ते हे आहे.

आता पगार फोनवरच्या संदेशातून घरात येतो. घराचा हप्ता आणि एसआयपी पहिल्याच तारखांना आपोआप कापून जातात. दानही तसंच आपोआप जाईल, अशी सोय करता येते. ती चांगलीच सोय आहे, विसरायला होत नाही. पण मिझो घरातली मूठ मुलं बघत असतात. आई रोज काय करते, हे त्यांना न सांगता समजतं. उजव्या हातानं काय दिलं, ते डाव्याला कळू नये, अशी येशूची शिकवण आहे, आणि ती रस्त्यावर तुतारी वाजवून दान करणाऱ्यांच्या संदर्भात आहे. घरचं स्वयंपाकघर म्हणजे काही रस्ता नव्हे. महिन्याच्या सुरुवातीला मुलांना जवळ बसवून, कुणाला आणि किती द्यायचं हे त्यांच्याशी बोलून ठरवणारी घरं मी पाहिली आहेत. मुलं बेधडक विचारतात. त्यांनाच का? एवढंच का? मागच्या महिन्यात दिलेल्याचं काय झालं? आईवडिलांना उत्तरं द्यावी लागतात, आणि कधी कधी ठरलेला आकडा बदलावा लागतो.