पाचामुखी परमेश्वर, पण जबाबदार कोण?

लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी माणसं राहतात. अमेरिकेतली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. हा जिल्हा शंभराहून अधिक वर्षं पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ चालवतं. नियम तेच करतात, अंमलबजावणीवर लक्षही तेच ठेवतात आणि मुख्य प्रशासकीय अधिकारीही तेच नेमतात. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पाचामुखी ४० अब्ज डॉलरांहून मोठं बजेट आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी 'मेझर जी' हा प्रस्ताव काठावर मंजूर केला. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा मुख्य कार्यकारी थेट लोकांमधून निवडला जाईल. पुढे मंडळही पाचाचं नऊ जणांचं होईल. मी इथे व्हिसावर आहे. टॅक्स भरतो, मत देता येत नाही. मग निदान मांडतो तरी.

प्रस्ताव मंजूर झाल्यावर दोनच महिन्यांनी, ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी, ईटन कॅन्यनजवळ आग लागली. खाली अल्टाडेना. या गावाला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. काउंटी हीच त्यांची नगरपालिका. पश्चिम अल्टाडेनात घर सोडण्याचा आदेश पोहोचला तो पहाटे साडेतीनच्या सुमाराला, आग लागून नऊ तास झाल्यावर. या आगीत नऊ हजारांवर इमारती गेल्या. मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे त्याच पश्चिम भागातले होते.

आदेश उशिरा का निघाला, याला एका नावाचं उत्तर नाही. अग्निशमन दल, शेरीफ, आपत्ती व्यवस्थापन, प्रत्येकाकडे थोडा थोडा भाग. आमच्या कामात हे रोजचं आहे. सर्व्हर पडल्याचा अलर्ट अख्ख्या टीमला गेला, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी बघत असेल. म्हणून ऑन-कॉलवर एका वेळी एकाचंच नाव असतं. तो सगळ्यात हुशार असतो असं नाही. झोपेतून उठायची पाळी त्याची असते, एवढंच.

थेट निवडणुकीची बाजू मला इथे पटते. निवडून आलेला माणूस नेमलेल्यापेक्षा शहाणा असेल म्हणून नाही. एक पंचमांश जबाबदारी वाट्याला आलेले पाच जण म्हणजे पूर्ण जबाबदारी नसलेले पाच जण, म्हणून.

पण इथेच गाडी अडते. शेरीफ आधीच स्वतंत्रपणे निवडून येतो. तोही म्हणणार, मी लोकांना उत्तर देईन, तुम्हाला नाही. म्हणजे २०२८ चा कार्यकारी सगळ्यांच्या शिव्या खाईल, पण शेरीफला हुकूम सोडू शकणार नाही. ज्याच्या हातात पासवर्डच नाही त्याला ऑन-कॉलवर बसवण्यासारखंच हे. जबाबदारी आणि अधिकार वेगवेगळ्या खिशांत राहिले, तर निवडणुकीने मिळतो तो फक्त राग काढायला एक चेहरा.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा). काउंटीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा तुरुंगाऐवजी समाजोपयोगी योजनांवर खर्च करायचा, असं मतदारांनी २०२० मध्ये 'मेझर जे'ने ठरवलं होतं. ते कलम सनदेच्या अधिकृत प्रतीत घालायचंच राहून गेलं. त्याच जुन्या प्रतीवरून मेझर जी लिहिलं गेलं, आणि लोकांनी दिलेला आधीचा कौल २०२८ मध्ये पुसला जाणार, हे २०२५ च्या उन्हाळ्यात लक्षात आलं. जुन्या ब्रँचवरून थेट मर्ज! उत्तरदायित्व आणायला निघालेल्या कायद्यातच अशी चूक, आणि ती नेमकी कोणाची, हे विचारलं की पुन्हा पाच दिशांना पाच बोटं.

महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांनी निवडायचा, हे २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये असं तीनदा फिरलं. सरकार बदललं की पद्धत बदलली. तेव्हा वाद कोणाचा पक्ष जिंकेल याचा होता. मुख्याधिकाऱ्याकडे कुठली सही आणि नगराध्यक्षाकडे कुठली, याची चर्चा मी तरी फारशी ऐकली नाही.

माझं मत असतं तर मी बाजूनेच दिलं असतं, पण एका अटीवर. आग कुठल्या गल्लीकडे वळतेय हे ठरवून आदेश काढायचा अधिकार निवडणूक न लढवणाऱ्या माणसाकडे हवा. दुपारच्या सभेत कोण चिडेल याचा हिशोब पहाटे साडेतीनला नको. त्या माणसाचं नाव, त्याचा फोन आणि तो उठला नाही तर पुढचा कोण, हे मात्र निवडून आलेल्याने आधीच लिहून टांगायचं. २०२८ ला उमेदवार अल्टाडेनात मतं मागायला येतील, तेव्हा तो कागद बरोबर आणला आहे का, हे तिथल्या लोकांनी त्यांना दारातच विचारावं.