आधी बहिणीच्या दारात

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली एक आज्ञा मला क्षमेच्या इतर सगळ्या उपदेशाहून अवघड वाटते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवले, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. मत्तयच्या पाचव्या अध्यायातले हे शब्द सावकाश वाचावेत. उठून चालायचे आहे ते दुखावलेल्याने नव्हे, ज्याने दुखावले त्याने.

सुरुवातीच्या शतकांत मोठ्या अपराधाचे प्रायश्चित्त मंडळीसमोर चाले आणि ते पुरे झाले की बिशप त्या माणसाला पुन्हा आत घेत. पद्धत इतकी कडक, की कित्येक जण ती मरणशय्येपर्यंत लांबवत. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी पापनिवेदन रुळवले. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा बंधनकारक केले आणि सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी जाळीच्या लाकडी कक्षाचा आग्रह धरला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे आमच्या पूर्वजांपर्यंत क्षमा पोहोचली ती साधारण याच रूपात: गुडघे टेकलेले, आवाज खाली. त्या गुप्ततेने असंख्य माणसांची अब्रू राखली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. लुबाडलेले परत करण्याची अटही होतीच. तरीही हळूहळू क्षमा हा माझा आणि देवाचा हिशेब होऊन बसला. ज्याचे नुकसान केले, तो त्यातून गळाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हे बदलू लागले. मिस्सामध्ये शेजारच्याला शांती देणे सर्वांसाठी पुन्हा आले. १९७३ च्या नव्या प्रायश्चित्तविधीने सांगितले, की पापाची जखम मंडळीलाही होते आणि देवाशी समेट बंधुभगिनींशी समेटापासून तोडता येत नाही.

आमच्या गावांत या शिकवणीची कसोटी जमिनीवर लागते. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या तोवर भांडण बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्याचे, फार तर बांधाचे असे. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती जवळ आल्या, गुंठ्याला भाव आला आणि सातबारा घराघरांत बोलू लागला. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस असते. प्रत्यक्षात लग्न होऊन गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो, ‘माहेर तुटू नये’ म्हणून ती सही करते, आणि माहेर तिथेच तुटते. रविवारी भाऊ-बहीण दोघेही एकाच देवळात असतात. शांती देण्याची वेळ आली की भाऊ पुढच्या बाकाकडे वळून हात जोडतो, मागच्याकडे वळतो. उजवीकडच्या रांगेत बहीण उभी असते, तिथे मान जात नाही.

अशा बहिणीला ‘तू ख्रिस्ती आहेस, क्षमा कर’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. क्षमा म्हणजे हिस्सा सोडणे नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाला मनापासून क्षमा केली, १९८३ च्या नाताळात तुरुंगात जाऊन त्याला भेटले. त्याची शिक्षा मात्र त्यानंतरही चालू राहिली. आणि १२ मार्च २००० रोजी याच पोपने सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीसाठी देवाकडे जाहीर क्षमा मागितली. पोर्तुगीज काळात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, झळ सोसलेल्या या किनाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. इथले कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण आजही एकच बोली बोलतात. धर्मांतराने दुरावलेली ही माणसे एकमेकांना परकी नाहीत. पोपच्या त्या क्षमायाचनेत आधी उठली ती अपराधाचा वारसा असलेली बाजू.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे मत्तयचा तो अध्याय साध्या मराठीत घरोघरी वाचता येतो. उपवासकाळात पापनिवेदनाच्या रांगा लागतात, त्याआधी तो वाचला जावा. फादरांनी, गावातल्या जाणत्यांनी भावाला थेट विचारावे: तिची सही तिच्या खुशीने घेतली होती का? नसेल तर तलाठ्याकडे, वकिलाकडे जाऊन तिचे नाव पुन्हा लावण्याची वाट काढ, आणि ते सांगायला तिच्या घरी तू जा.