तळाचे भोक

जुना कंदील, बिजागरी तुटलेली सुटकेस किंवा रंगाची रिकामी बादली यांत चार रोपे खोचली की त्या कृतीला सर्जनशील बागकाम म्हटले जाते, आणि रोपे महिनाभरात मेली तरी तो गौरव उणावत नाही, ही या छंदातील खटकणारी गोष्ट होय. शहरात जागा अपुरी असते, टाकाऊ वस्तू पुन्हा वापरावी, हे सर्वमान्यच आहे; प्रश्न असा की वस्तू रोपासाठी निवडली जाते, की रोप वस्तूच्या शोभेसाठी. पहिलीला गरजेचे पात्र आणि दुसरीला हौसेचे पात्र म्हणता येईल.

गरजेच्या पात्राचा मुंबईतील नमुना म्हणजे चाळीच्या गॅलरीतील डालड्याचा डबा. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाचा, ताडाचे चित्र असलेला पिवळा डबा रिकामा झाला की आधी धान्याला, मग पाण्याला आणि गंजू लागला की तुळशीला मिळे. या अखेरच्या पायरीवर तो एकाएकी सोवळ्यात जाई, हा भाग वेगळा.

हौसेच्या पात्राचे समर्थक म्हणतात की माती धरून ठेवील ती प्रत्येक वस्तू कुंडीच, मग तो बूट असो वा किटली. पण कुंडीचे काम माती धरण्याइतकेच पाणी सोडण्याचेही असते. पाणी निथळल्यावरही तळाशी एक संपृक्त थर, म्हणजे हवेला जागाच न उरलेला ओला थर, केशाकर्षणामुळे अडून राहतो. त्याची उंची पात्राच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. आडवा धरून निथळू दिलेला स्पंज उभा केला की त्यातून आणखी पाणी गळते, त्याचे कारण हेच. म्हणून उथळ पात्रात मुळांच्या वाट्याला बराचसा चिखलच येतो, आणि तळाला खडी घालण्याच्या लोकप्रिय सल्ल्याने तो थर नाहीसा न होता केवळ वर सरकतो.

परंतु ही कसोटी मान्य केली की आधीचा भेदच डळमळतो. भोके न पाडलेल्या डब्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतले, तर गरजेच्या पात्रातील तुळसही कुजते. शिवाय त्या डब्याला गेरू फासणारी गृहिणी हौसच करीत असते, आणि अंगणातील वृंदावनाची नक्षी काही तुळशीच्या मुळांसाठी नसते. उलट, शिवण उसवलेल्या, तळ झिजलेल्या बुटातून पाणी आपोआप निथळते. त्यात माती ओंजळभरच मावते व लवकर सुकते हे खरे, पण पानांत पाणी साठवणाऱ्या ‘ऑफिस टाइम’ या फुलझाडाला तेवढी पुरते. तेव्हा हौसेवर आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही आणि फाटका बूट कुंडी म्हणून मान्य करावाच लागतो. चिनी मातीची अखंड किटली मात्र, तिच्या तळाला भोक पाडण्याची तयारी नसेल, तर चहापुरतीच ठेवावी.